आईला गाडी लागते!

आमच्या घरात काही गोष्टी राज्यघटनेत लिहिल्यासारख्या पक्क्या होत्या. बाबांना कारलं आवडतं. दादा गणितात हुशार आहे. मी बडबडी आहे. आणि आईला गाडी लागते.

शेवटचं कलम सगळ्यांत जुनं, माझ्या जन्माच्याही आधीचं. वर्धा ते नागपूर अंतर साधारण ७५ किलोमीटर. आमची प्रीमियर पद्मिनी सेलू ओलांडून केळझरच्या आसपास आली की आई रुमाल तोंडाला लावायची आणि बाबा काही न बोलता गाडी बाजूला घ्यायचे. केळझरला सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, त्यामुळे थांबण्याचं अधिकृत कारण ‘दर्शन’. त्या गणपतीला आमच्याइतके नियमित भक्त क्वचितच मिळाले असतील! मी आणि दादा नारळ-साखरफुटाण्यांच्या मागे पळायचो आणि आई बाहेरच पायरीवर डोकं धरून बसायची. तिच्या पर्समध्ये कायम एक लिंबू, आवळासुपारीची डबी आणि नीट घडी घातलेली कॅरीबॅग.

आता नागपूर म्हणजे आईचं सासर. मग काय विचारता! “सासरी यायचं म्हटलं की वहिनींना बरोब्बर होतं,” हे आत्याचं आवडतं वाक्य. सगळे हसायचे. आईही हसायची. परत येतानाही तिला तेवढंच व्हायचं. पण ते कुणी मोजलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण, मागच्या वर्षी मी ती पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायला घेतली. फ्रीलान्स पत्रकाराकडे पैसे नसतात, पण वेळ असतो, असं सगळ्यांना वाटतं. (दोन्ही चूक. असो.) पुण्यातली खोली सोडून तीन महिने वर्ध्याला राहायचं, सकाळी लॅपटॉपवर कॉपी पाडायची आणि दुपारनंतर गॅरेज, असा प्लॅन. आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला गाडी अंगणात उभी करायची, वर मोठी रिबन वगैरे. एकदम फिल्मी!

गाडीची कुंडली थोडक्यात सांगते. १९८४चं मॉडेल, रंग फिकट निळा. बाबांनी १९९२ साली सेकंडहॅण्ड घेतली. इंजिन १०८९ सीसी, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्ती, गिअर स्टिअरिंगला. मूळची ही इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती मुंबईत कुर्ल्याला बनवली. १९६४च्या सुमाराला तिचं नाव ‘डिलाइट’ होतं, सत्तरच्या दशकात ती ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे ती सगळ्या देशाला ठाऊक. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३च्या ऑक्टोबरमध्ये झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. त्या दिवशी सोशल मीडियावर जो काय गळा काढला गेला, त्यात मीही होते. माझ्या घरामागे एक पद्मिनी २०११ पासून ताडपत्रीखाली उभी आहे, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

गॅरेज आर्वी रोडच्या बाजूला. मिस्त्री साठीच्या पुढचे. पद्मिनी आणि अॅम्बेसेडर डोळे मिटून खोलणाऱ्या पिढीतले. मी पहिल्याच दिवशी मोबाइलवर रंगांचे पंधरा फोटो दाखवले. त्यांनी एकही पाहिला नाही. “रंग शेवटी पाहू ताई. आधी गाडी चालते का पाहू.”

गाडी चालली! टाकी साफ, कार्ब्युरेटर खोलून स्वच्छ, नवी बॅटरी, ब्रेकचं सगळं नवीन... आणि तीन आठवड्यांनी ती धडधडून उठली. बाबांच्या डोळ्यांत पाणी. ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून ठेवायचा प्लॅन पहिल्याच आठवड्यात फसला होता, कारण वर्ध्यात काहीही लपत नाही. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी चालत गॅरेजला यायचे. ऊन मी म्हणत असलं तरी, डोक्याला उपरणं बांधून.

आम्ही दोघं चक्कर मारायला निघालो. पंधरा-वीस मिनिटांत माझं डोकं जड झालं, कपाळावर कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं. मग पोटात ढवळलं. मी म्हटलं, “बाबा, थांबा जरा.” आणि बाबा सहज, अगदी सहज म्हणाले, “आईवर गेलीस.”

मला गाडी लागत नाही हो! ताम्हिणीच्या वळणांवर मागच्या सीटवर बसून मी बातम्या टाइप केल्यात.

मास कॉमला आमचे सर एक गोष्ट डोक्यात ठोकून भरायचे : सगळे म्हणतात म्हणून ते फॅक्ट होत नाही, सोर्स शोधा. त्या रात्री मी कार्बन मोनॉक्साइड मोजणारा छोटा मीटर ऑनलाइन मागवला. बाबांना सांगितलं नाही. तो आल्यावर पुन्हा चक्कर. तोच रस्ता, काचा वर. मीटर डॅशबोर्डवर. सुरुवातीला शून्य. मग पाच. मग बारा. वीस मिनिटांनी आकडा चाळिशीच्या पुढे गेला आणि मीटर पी-पी करायला लागला. जागतिक आरोग्य संघटनेची एका तासासाठीची मर्यादा या मीटरच्या भाषेत साधारण तीस. आणि वर्धा-नागपूर प्रवास तासा-दीड तासाचा, त्या काळी तर त्याहून जास्तच.

बाबांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या. बराच वेळ दोघंही गप्प.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, तीस वर्षं. इंधन अपुरं जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतं. म्हणून आधी डोकं दुखतं, मग मळमळ, चक्कर, झोप, आणि जास्त झालं तर जाग येतच नाही... हे त्यांनी दरवर्षी फळ्यावर लिहिलं. वास नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. आमच्या गाडीत पेट्रोलचा, तेलाचा वास कायम असायचा, पण तेव्हा सगळ्याच गाड्यांत असायचा. “जुनी गाडी म्हणजे वास येणारच,” यावर सगळ्यांचं एकमत होतं. आणि धुराची जाळी म्हणाल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपल्याकडे १९९५ साली नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला, तोही आधी चार महानगरांत. १९८४च्या पद्मिनीचा धूर जसा इंजिनातून निघायचा तसाच बाहेर.

पण बाहेर म्हणजे मागच्या नळीतून. आत कसा?

मिस्त्रींना विचारलं. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाच्या मागच्या उभ्या पत्र्यावर पान्याने टकटक केली. “हा पाहा. फायरवॉल.”

फायरवॉल म्हटलं की आपल्या पिढीला ऑफिसचा आयटीवाला आठवतो. पण कॉम्प्युटरवाल्यांनी हा शब्द इमारती आणि गाड्यांकडून उचललाय. इंजिन आणि आपले पाय यांच्यामधली पत्र्याची भिंत म्हणजे फायरवॉल. पलीकडे आग, धूर, उकळतं पाणी, तेल, अलीकडे माणसं. आता या भिंतीला भोकं लागतातच. स्टिअरिंगचा दांडा तिच्यातून जातो, गिअरचा दांडा, स्पीडोमीटरची केबल, चोकची केबल, अॅक्सिलरेटर, वायरिंगचा जुडगा. प्रत्येक भोकाला रबरी बूच नाहीतर ग्रोमेट असतं, म्हणजे कडेला खाच असलेली रबराची रिंग. पत्रा त्या खाचेत बसतो, वायर मधून जाते. वायरही घासत नाही, फटही राहत नाही. एवढीशी गोष्ट! पण रबर वर्ध्याचे किती उन्हाळे काढणार? मे महिन्यात इथे ४५ अंश म्हणजे रोजचंच. त्यात इंजिनाची धग. आमच्या गाडीतली ग्रोमेट्स खाऱ्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी झाली होती. बोट लावलं की चुरा.

“रात्री या,” मिस्त्री म्हणाले. “भोकं दिवसा दिसत नाहीत.”

रात्री गॅरेजचे दिवे बंद केले. इंजिनाच्या बाजूला दोनशे वॉटचा बल्ब टांगला, वरून गोणपाट टाकलं. मी आत, पुढच्या सीटा काढलेल्या, डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून, हातात खडू. आणि खरं सांगते, मी थक्क झाले. वर आकाश पसरल्यासारखं! छोट्या छोट्या चांदण्या, एक अर्धचंद्र आणि डाव्या बाजूला, आई जिथे पाय ठेवायची बरोब्बर त्याच्या वर, मुठीएवढा पूर्ण चंद्र.

एकेकाला खडूने गोल करत मोजलं. तेवीस. बाबा बाहेर खुर्चीवर बसून होते. मी आतून आकडा ओरडले की ते वहीत टिपायचे, शाळेतल्या हजेरीसारखं. कंपनीने ठेवलेली भोकं त्यातली नऊ-दहाच. बाकीची आमची. एकामागून एक बाबांना आठवायला लागली. हे कॅसेट प्लेअरच्या वायरीचं, १९९३, दादाच्या बारशाच्या आधी बसवला होता. हे म्युझिकल हॉर्नचं. तो आजोबांना आवडला नाही म्हणून महिन्याभरात काढला. हे पिवळ्या फॉग लॅम्पचं. (वर्ध्यात धुकं! बाबांचा तरुणपणीचा शौक, दुसरं काय.) हे चोरी होऊ नये म्हणून बसवलेल्या गुप्त बटणाचं, ज्याची जागा एकदा बाबाच विसरले आणि लग्नाच्या वरातीला उशीर झाला. दोन कुणालाच आठवेनात. एका भोकाशी वायरवरचं प्लास्टिक पत्र्याच्या धारेने कापलं होतं, तांबं उघडं, आणि धारेवर काळा डाग. मिस्त्रींनी तो डाग टॉर्चने बराच वेळ पाहिला. “इथे ठिणगी उडून गेली आहे साहेब. नशीब समजा.”

आणि मोठं भोक?

बाबा एकदम काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एसीचं.”

१९९५ साली त्यांनी नागपूरहून डॅशबोर्डखाली लटकवायचा एसी बसवून आणला होता. पगाराच्या मानाने ही चैन होती, पण कारण होतं : आईला गाडी लागते, उकाड्याने होत असेल, गार हवा मिळाली तर बरं वाटेल. एसीचे दोन पाइप आणि पाण्याची नळी आत आणायला फायरवॉलला मोठं भोक पाडलं. जागा बाबांनीच खडूने आखून दिली होती. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाला तो एसी काही झेपला नाही. दोन उन्हाळे गाडी उकळली, मग एसी काढून विकला. भोक राहिलं. त्यात कुणीतरी चिंध्या आणि कापूस कोंबला. कापसाचा जिल्हा हो आमचा, कापसाची काय कमी! मिस्त्रींनी चिमट्याने तो बोळा बाहेर ओढला. तेलात भिजून काळा, चिकट. इंजिनाच्या पाठीला टेकलेली तेलात बुडवलेली वात. पंधरा वर्षं आम्ही तिच्यामागे बसून दर्शनाला जात होतो.

गाडीतल्या हवेचं गणित मग बाबांनीच सांगितलं, नेहमीच्या वर्गातल्या आवाजात. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा इंजिनाच्या खोलीत कोंडतो, तिथे दाब वाढतो. पद्मिनीच्या पुढच्या दारांना ती तिकोनी काच असते ना, ती किंचित किलकिली केली की बाहेरून वेगाने जाणारा वारा आतली हवा खेचून घेतो, आत दाब कमी होतो. मग फायरवॉलला भोक असेल तर पलीकडची हवा अलीकडे येणारच. “तुझ्या आईला मळमळायला लागलं की मी पहिलं काय करायचो?” त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. ती तिकोनी काच किलकिली करायचे.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. आईला एसटीतही त्रास व्हायचा. उकाडा होता, रस्ते खराब होते, पेट्रोलच्या वासानेच काहींना ढवळतं. तीस वर्षांपूर्वी त्या गाडीत हवेत काय होतं ते आज कुणी मोजू शकत नाही. आत्या फोनवर म्हणाली, “आम्हीपण बसलो की त्या गाडीत, आम्हाला नाही झालं काही.” खरंय. पण आत्या मागे बसायची, आणि तिची काच सताड उघडी असायची. मी एवढंच म्हणू शकते की मीटरचा आकडा मी पाहिला. आणि आईला दादाच्या वॅगन आरमध्ये कधीच काही होत नाही. त्यावर घरातलं उत्तर ठरलेलं : “सवय झाली आता.”

काम सुरू झालं तेव्हा मी उत्साहाने म्हटलं, सगळी भोकं बुजवून टाकू. मिस्त्रींनी मला अक्षरशः शाळेत घातलं. आधी धूर येतो कुठून ते पाहायचं, भोकं नंतर! एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग जळालं होतं, सायलेन्सरच्या जोडातून गळती होती, डिकीच्या झाकणाचं रबर गेलं होतं. (मागच्या नळीचा धूर डिकीतून आत खेचला जातो, हे मला स्वप्नातही आलं नसतं.) ते सगळं आधी नवं केलं. नुसती भोकं बुजवून गळका मॅनिफोल्ड तसाच ठेवणं म्हणजे छपराची गळती सोडून खाली बादल्या ठेवण्यासारखं. आणि दुसरं, सगळी भोकं बुजवायची नसतातच. काचेखालच्या खोबणीत पावसाचं पाणी साचतं, त्याचा निचरा करणारी भोकं असतात. उत्साही लोक तीही बंद करतात आणि दोन पावसाळ्यांत पत्रा सडतो. आमच्या तेविसातली दोन तशी निघाली. त्यांना खडूने फुली मारली.

एका बाबतीत मात्र माझं आणि मिस्त्रींचं वाजलं. त्यांचं म्हणणं, बारीक भोकांना मळून लावायची ती दोन रंगांची पुट्टी मारू, दहा मिनिटांचं काम. मी चार दिवस वाचून आले होते : पत्रा थरथरतो, पुट्टी कडक होते, तडकते, एक दिवस गळून पडते. आणि फवारायचा फोम तर मुळीच नको, तो पेटतो. “पुण्याहून शिकून आल्या ताई,” ते त्यांच्या पोऱ्याला म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच एका जुन्या अॅम्बेसेडरमधला पुट्टीचा खडा काढून माझ्या हातात ठेवला. बोटाने ढकलला तर निघून आला. “बरोबर हाय तुमचं. पत्र्याला पत्राच पायजे.”

मग पत्र्याला पत्रा. वायरिंग सगळं सोडवलं, बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवली, आतलं कापड-कार्पेट-स्पंज सगळं बाहेर. वेल्डिंगची ठिणगी कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही, म्हणून ओली पोती आणि आग विझवायचा सिलिंडर शेजारी. भोकाच्या कडा घासून चकचकीत केल्या, गंज दिसेनासा होईपर्यंत. वीस गेजच्या पत्र्याचे तुकडे कापले. डेंटरने एका दमात रेघ नाही ओढली. इकडे एक टाका, समोर एक टाका, मग थांबून गार होऊ द्यायचं, नाहीतर पातळ पत्रा पापडासारखा वाकतो. एसीचं भोक बुजायला अख्खी दुपार गेली. बाबा समोर बसून होते, काळी काच डोळ्यांपुढे धरून, सूर्यग्रहण पाहिल्यासारखे. नंतर दोन्ही बाजूंनी झिंकचा प्रायमर, जोडांवर सीलर, त्यावर रंग.

उरलेल्या खऱ्या भोकांना ग्रोमेट्स. ती शोधायला मी दोन दिवस फिरले. मोटर पार्टच्या दुकानात “पद्मिनी?” म्हणून लोक हसायचे. शेवटी मिळाली कुठे, तर इलेक्ट्रिकच्या दुकानात! पॅनेल बोर्डला लागतात तीच ग्रोमेट्स, सगळ्या मापांत, बरणीत चॉकलेटं ठेवल्यासारखी. फक्त तेल उडतं तिथे साधं रबर फुगतं, तिथे तेल सोसणारं नायट्राइल घ्यायचं. स्टिअरिंगच्या दांड्याची टोपी मात्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टवाल्याकडून आली, दादाने रविवार घालवून शोधली. एक अन् एक ग्रोमेट बाबांनी बसवलं. साबणाच्या पाण्यात बुडवून, बोथट स्क्रू-ड्रायव्हरने कडा आत ढकलत. तेल-ग्रीस लावू नका, रबर खराब होतं, एवढं मी एकदाच सांगितलं. नंतर ते मलाच सांगायला लागले. त्यांची बोटं आता थरथरतात. मी म्हटलं, मी करते. ते “हं” म्हणाले आणि करत राहिले.

टेस्टिंगची आयडिया मिस्त्रींची, आणि ती फक्त विदर्भातच सुचू शकते. एका खिडकीला अख्खा डेझर्ट कूलर लावला (पाणी न घालता), बाजूला पुठ्ठे चिकटवले, बाकीच्या काचा बंद. कूलर फुल! आत हवेचा दाब. मग इंजिनाच्या बाजूने प्रत्येक जोडाजवळ उदबत्ती फिरवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. फुंकर मारल्यासारखा हलला तर तिथे फट. पहिल्या फेरीत तीन फटी सापडल्या. दुसऱ्या फेरीत एक. तिसऱ्या फेरीत धूर सरळ वर गेला आणि सगळं गॅरेज मोगऱ्याच्या वासाने भरलं. चहा आला, गोरसपाक आला. मिस्त्री मूडमध्ये होते. सेवाग्रामची ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, वर्ध्यात प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेली असते : जमनालाल बजाजांची फोर्ड मोटार, खराब रस्त्यावर तिला बैल जुंपायचे आणि लोक तिला ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणायचे. “त्या गाडीला फायरवॉलचं टेन्शनच नव्हतं ताई. धूर निघाला तर बैलाचाच.”

मीटर ठेवून आम्ही पुन्हा तोच रस्ता केला. एक तास. आकडा दोनवर गेला, तोही पुढे एक ट्रक होता तेव्हा. नंतर शून्य.

आईला सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. मी वाट पाहत होते. बाबांनी एका रात्री जेवताना, भाकरी मोडता मोडता सांगितलं, शास्त्रीय भाषेत, हिमोग्लोबिनपासून. एसीच्या भोकापाशी आले आणि थांबले. आईने ताटातली चटणी बोटाने सारखी केली.

“म्हणजे मी नाटक करत नव्हते,” ती म्हणाली.

“कुणी म्हटलं नाटक?” बाबा.

“म्हणायचे.” मग तिने त्यांना आणखी अर्धी भाकरी वाढली. त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. मीसुद्धा हसले होते, आत्याच्या त्या वाक्याला, कितीतरी वेळा.

कागदपत्रांची, आरटीओच्या फिटनेसची कहाणी वेगळ्या लेखाची आहे, तिला इथे हात लावत नाही. रिबन-बिबनचा बेत राहिलाच. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत निघालो. बाबा स्टिअरिंगवर, आई शेजारी, मी मागे मीटर मांडीवर घेऊन. गाडी कुठल्या रंगाची केली म्हणून सगळे विचारतात. तोच, फिकट निळा. आईच्या पर्समध्ये लिंबू, आवळासुपारी, घडी घातलेली कॅरीबॅग. मी काही बोलले नाही. सेलूपर्यंत तीही काही बोलली नाही, फक्त एकदा म्हणाली, “वास येत नाहीये,” आणि थोड्या वेळाने, “पायाला गरम लागत नाही.”

केळझर जवळ आलं तसा बाबांचा पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून निघाला, गाडी डावीकडे.

“का थांबवता?” आईने विचारलं.

“दर्शन,” बाबा म्हणाले.

आईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग दार उघडलं. “या मग. इतक्या वर्षांत मी आत नीट गेलेच नाही कधी.” ती पुढे चालायला लागली. पर्स सीटवरच राहिली होती. बाबांनी ती उचलून काखेत धरली आणि तिच्यामागून पायऱ्या चढले.

संध्याकाळी घरी परतल्यावर लिंबू सरबतात गेलं.